वरीलप्रमाणे, पत्नी

…तर त्या तीन ओळी काही केल्या आत जाईनात. काल या बाकावर गोष्ट इथवर आली आणि दूधवाल्यानं सायकलची बेल वाजवली, म्हणून ती तशीच दारात उभी राहिली. आज तिला आत घेऊ.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. गोष्ट माझ्या सुनेची आहे. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात ती कामाला आहे, पण डोळे तपासत नाही की औषधं देत नाही. तिची खोली तळमजल्याच्या अगदी टोकाला. पूर्वी तिथं चष्म्यांच्या फ्रेमा ठेवायचे. भिंतीला अजून एक जुना अक्षरांचा तक्ता टेकवलेला आहे. वरचं अक्षर ताटाएवढं आणि खालची ओळ मुंग्यांची. त्या तक्त्याशेजारी बसून ती दिवसभर फायली ओतते. शाखांकडून फायली येतात, प्रयोगशाळेकडून येतात, कंत्राटदाराकडून येतात. एकेका फाइलीत हजारो ओळी, आणि एक ओळ म्हणजे एक माणूस. ही सगळी माणसं एका दमात दवाखान्याच्या डेटाबेसमध्ये घालायची.

डेटाबेस म्हणजे काय ते मी तिला सुरुवातीलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या शाळेतला हजेरीपट आठवा. तसे शंभर पट, आणि एका पटावरचा नंबर दुसऱ्या पटाला ओळखीचा. जे पोर पहिल्या पटावर नाही, त्याचे मार्क दुसऱ्या पटावर चढत नाहीत." मला चटकन कळलं. आमच्या शाळेत चार इयत्तांना मिळून एक मास्तर होते, आणि इन्स्पेक्टर यायचा असला की पट भरायला ते शेजारच्या गावची पोरं उसनी आणायचे. एकदा एका उसन्या पोरानं इन्स्पेक्टरला स्वतःचं खरं नाव सांगितलं… पण तो किस्सा वेगळा, राहू दे.

ओळी सुरळीत आत गेल्या तर तिला कुणी विचारत नाही. अडल्या की सगळा दवाखाना तिच्या दारात. एकदा एका शाखेची चार हजार ओळींची फाइल अडली. दोन दिवस तिघांनी डोकी आपटली. हिनं काय केलं? मशीन जिथं थांबलं ती ओळ सोडली आणि तिच्या वरची ओळ वाचली. ती म्हणते, दुखतं एकीकडे आणि काटा असतो दुसरीकडे. वरच्या ओळीत कुण्या नर्सनं पत्ता लिहिता लिहिता मध्येच एन्टर दाबलं होतं. एका म्हाताऱ्याचे दोन तुकडे झालेले. वरच्या तुकड्याला नाव होतं पण वय नव्हतं, आणि खालच्याला वय होतं पण नाव ‘गिरणीमागे, दुसरा मजला’. हिनं म्हातारा सांधला, चार हजार माणसं आत गेली. साहेबांनी वर कळवलं, आमच्या विभागानं अडचण सोडवली. विभाग! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते असं.

तिची एकच रीत. टाकले किती, पोचले किती. फाइल ओतायच्या आधी ओळी मोजायच्या, ओतल्यावर पुन्हा मोजायच्या. मशीन काहीही म्हणो. ही सवय तिनं घरातही आणली. दोरीवर सतरा कपडे घातले आणि सोळाच आत आले, तर ती जिना उतरून खाली जायची आणि शेजाऱ्याच्या कुंडीतून मोजा काढून आणायची. माझी लेक, म्हणजे तिची नणंद, तिला ‘मोजणीदार’ म्हणायची. "मोजणीदार आल्या, चमचे नीट ठेवा गं!" सून हसायची आणि खरंच चमचे मोजायची. दवाखान्यातही तेच नाव पडलं. कुणी पाडलं देवाला ठाऊक.

आता त्या तीन ओळी. शस्त्रक्रिया विभागाच्या सिस्टरनं तिमाहीची फाइल पाठवली होती, झालेल्या ऑपरेशनांची. सहाशे ओळी. त्यातल्या तीन मशीन घेईना. म्हणे, ज्यांचं ऑपरेशन झालंय ती माणसं आमच्या पटावरच नाहीत. तिन्ही ओळींच्या नंबरांपुढे सिस्टरनं हातानं एक ‘ब’ लावला होता.

सूनबाई साहेबांकडे गेली. या साहेबांना दवाखान्यात सगळे ‘यशस्वी’ म्हणतात. फाइल आत गेली की पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘यशस्वी’ असं येतं, आणि साहेब त्या पडद्याचा कागद छापून फायलीला लावतात. चार महिन्यांपूर्वी जुन्या नोंदवह्यांतली ऑपरेशनसाठी थांबलेल्यांची सगळी यादी नव्या डेटाबेसमध्ये घालायचं काम झालं होतं. ते बाहेरच्या कंत्राटदारानं केलं; हिला त्यात घेतलंच नव्हतं. त्या दिवशीचा हिरवा कागद साहेबांनी चौकटीत बसवून भिंतीला लावला होता.

"तीनच ओळी ना?" साहेब म्हणाले. "तपासणी बंद करा आणि घाला."

"सर, तपासणी बंद केली तर ऑपरेशन झालेलं दिसेल, पण कुणाचं ते दिसणार नाही."

"मग तो ‘ब’ खोडा. नंबर पटावर आहेत की!"

"नंबर आहेत. पण त्या नंबरांवर पुरुष आहेत. ही ऑपरेशनं बायकांची झालीत."

"मॅडम, कुणाच्यातरी डोळ्याचं झालंय ना?"

ती तिथून निघाली आणि थेट वर सिस्टरकडे गेली. सिस्टर म्हणाली, "अगं, नवरा-बायकोचा एकच नंबर. खिडकीवाल्याची पद्धतच ती, कुणी हटकलं नाही तर एक घर एक नंबर. मी आपली गोंधळ नको म्हणून बायकोला ‘ब’ लावते. या तिघी तर डोळा फुटायची वेळ आली तेव्हा रडत आल्या होत्या, त्यांना कसली यादी नि कसलं काय."

मग सुनेनं ते केलं जे चार महिन्यांत कुणी केलं नव्हतं. कंत्राटदाराची मूळ फाइल शोधून काढली आणि ओळी मोजल्या. अकरा हजार सहाशे चाळीस. पटावर किती पोचल्या त्या मोजल्या. नऊ हजार दोनशे बारा.

कंत्राटदारानं काय केलं होतं, ते मी तुम्हाला सोपं करून सांगतो. नव्या पटाचा नियम, एका नंबरावर एकच माणूस. फाइलीत एका नंबराच्या दोन-दोन ओळी. मशीन ओरडलं असणार. ओरडणं बंद व्हावं म्हणून कंत्राटदारानं मशीनला सांगितलं, नंबर पुन्हा आला तर ती ओळ गुपचूप सोडून दे. मशीन आज्ञाधारक. वरची ओळ घेतली, खालची सोडली. वरची घेतली, खालची सोडली. वर नवरा, खाली बायको. कुठंकुठं वर मुलगा, खाली आई. सोडलेल्या ओळी कुठल्या कागदावर लिहूनही ठेवल्या नाहीत. आणि शेवटी हिरव्या अक्षरांत यशस्वी.

दोन हजार चारशे अठ्ठावीस जणी. हिनं त्या ओळी फाइलीतून वेगळ्या काढल्या आणि नावाचा रकाना बघितला. वरपासून खालपर्यंत एकच मजकूर: ‘वरीलप्रमाणे, पत्नी’. ‘वरीलप्रमाणे, पत्नी’. मध्येच एखादी ‘वरीलप्रमाणे, आई’. एकीलाही नाव नाही.

इथं मला माझं एक सांगितलं पाहिजे, त्याशिवाय गोष्ट पुढं सरकणार नाही.

दीड वर्षापूर्वी मी आणि ही, म्हणजे माझी बायको, दोघं त्या दवाखान्यात नाव घालायला गेलो होतो. मला मोतीबिंदू. हिला काचबिंदू, डॉक्टरांनी सांगितलं होतं की थेंब घालत राहा, पण ऑपरेशन वेळेवर झालं पाहिजे, कारण यात गेलेली नजर परत येत नाही. खिडकीवर ही भली मोठी रांग. मला रांगेत गप्प बसवत नाही, सगळ्यांना माहीत आहे. खिडकीवाल्यानं माझं नाव विचारलं, लिहिलं. मग मान न उचलता म्हणाला, "आणि यांचं?" हिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हणालो, "अहो, संसार एक, चूल एक, मग नंबर दोन कशाला? टाका माझ्याच खाली!" रांग खळखळून हसली. खिडकीवाला म्हणाला, "आजोबा, सगळे तुमच्यासारखे समजूतदार असते तर माझं काम निम्मं झालं असतं." आणि त्यानं लिहिलं. हिनं उघडलेलं तोंड मिटलं. कार्डावर निळ्या शाईत नंबर आला, सात हजार तीनशे आठ, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘व पत्नी’. ते कार्ड आम्ही स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं. एका रांगेत दोघांचं काम केलं, हा किस्सा मी वर्षभर सांगत होतो, आणि वर्षभर लोक हसत होते.

नवी यादी लागल्याबरोबर मला पत्र आलं. माझं ऑपरेशन झालं आणि काय सांगू, जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं! समोरच्या गच्चीवरची टाकी पांढरी नसून फिकट निळी आहे हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. मी दिवसभर गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शर्टांचे रंग सांगायचो, आणि ही आतून म्हणायची, "बघा, बघा, माझ्याही वाटचं बघा."

तिचं पत्र आलं नाही. ती एकदा स्वतः खिडकीवर जाऊन आली. तिथल्या मुलीनं पडद्यावर नंबर बघून सांगितलं, "या नंबराचं पत्र गेलंय आजी, ऑपरेशनसुद्धा झालंय." ही बिचारी परत आली. म्हणाली, "झालंय म्हणतात. तुमचंच म्हणत असतील." आणि आम्ही त्यावरही हसलो. चहा ओतताना तिची धार कपाबाहेर जायला लागली होती. डाव्या हाताला ठेवलेला पेला तिच्या कोपरानं पडायचा. "काय गं, धांदरट झालीस म्हातारपणी," मी म्हणायचो. दिव्याखाली अंधार, तो असा. दवाखान्यात फायली ओतणारी सून घरात, आणि एकानंही तिला विचारलं नाही.

ओळी मोजल्या त्या संध्याकाळी सून घरी आली ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात गेली. खिळ्यावरचं कार्ड काढलं, वाचलं. मी दारात उभा होतो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"आई, तुमचं पत्र आलं?"

"येईल की. ह्यांचं आलं म्हणजे माझंही येईल. एकाच नंबरावर आहोत."

"चार महिने झाले. मला का नाही विचारलंत?"

"तू दमून येतेस. घरी आल्यावरही तुझ्यामागं दवाखाना कशाला लावायचा?"

सून ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसली. कार्ड हातातच. हिनं विचारलं, "काय झालं गं? काही हरवलं का मोजताना?"

"हो," सून म्हणाली.

पुढचं मला ‘वाळवी’नं सांगितलं. वाळवी म्हणजे दवाखान्याचा रेकॉर्डकीपर. तळघरात जुन्या कागदांत राहतो म्हणून हे नाव. नाव मी ठेवलेलं नाही, पण आवडलं. तो साहेबांच्या बैठकीत वह्या धरून उभा होता.

सुनेनं आकडे मांडले. साहेब म्हणाले, "दोन हजार चारशे डुप्लिकेट निघाल्या, म्हणजे यादी स्वच्छच झाली की."

"डुप्लिकेट नाहीत सर. बायका आहेत."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी भिंतीवरच्या चौकटीकडे एकदा बघितलं. त्या कागदावर त्यांची बढती टांगलेली होती. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. वाळवी राहिला, कारण वाळवीला कुणी माणसांत मोजत नाही. साहेब आवाज मऊ करून म्हणाले, "तुमच्या सासूबाई आहेत ना यात? मग आधी तसं बोलायचं! घरचंच काम आहे. त्यांची एक ओळ मी आत्ता घालून देतो, जुन्या तारखेनं. आठवड्यात ऑपरेशन. बाकीच्या जशा खिडकीवर येतील तशा बघू. हा आकडा मात्र या खोलीबाहेर जायला नको."

वाळवी सांगतो, ती बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. तो म्हणतो, "आजोबा, मला वाटलं आता ‘हो’ म्हणणार. मी तरी म्हटलं असतं. तुमची शपथ, मी तिथंच म्हटलं असतं."

ती म्हणाली, "घालायच्या तर सगळ्या, सर. जुन्या तारखांनी. नाहीतर त्या रांगेच्या शेपटाला जातील."

"मग करा!" साहेब उठलेच. "नावाशिवाय एक ओळ घेणार नाही. प्रत्येकीचं नाव केसपेपरवरून शोधा, पुरावा जोडा. तळघरातले गठ्ठे नंबरांच्या ओळीनं घ्यायचे, पहिल्यापासून. एक गठ्ठा पुरा झाला की त्याची पत्रं जातील. आणि तुमचा गठ्ठा अकरावा आहे ना? तो आधी सोडलेला दिसला, तर हे सगळं कशासाठी चाललंय ते मी वर लिहून कळवीन, आणि काम तिथंच थांबेल."

तिला तळघर मिळालं. एक बल्ब, एक टेबल, सुतळीनं बांधलेले चौदा गठ्ठे. केसपेपरवर नावं होती, कारण डॉक्टर तपासताना माणसाला नाव विचारतात. खिडकी तेवढी विचारत नव्हती. दिवसाला ऐंशी बायका व्हायच्या. घरी आली की तिच्या बोटांना सुतळीचा वास यायचा आणि शिंकांनी ती बेजार असायची. जेवताना मध्येच म्हणायची, "आज एक सापडली, तिचं नाव आणि माझ्या आजीचं नाव एकच." एवढंच. बाकी घास मोजल्यासारखी जेवायची.

माझ्या मुलाला, तिच्या नवऱ्याला, त्या एका ओळीचं कळलं. कळणारच, वाळवीनं मला सांगितलं आणि माझ्या पोटात किस्सा टिकत नाही. त्या दिवशी घरात जे झालं ते मी गॅलरीतून ऐकलं.

"एक ओळ!" मुलगा म्हणत होता. "एक ओळ घातली असती तर तुझं काय जात होतं?"

"आकडा तिथंच गाडला गेला असता."

"गाडू दे की! ती आई आहे माझी!"

"त्या सगळ्याच कुणाच्यातरी आहेत."

"कुणाच्यातरी! तुला दुसऱ्याचं घर दिसतं फक्त."

मग मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. मी बोललो नाही, हे लक्षात घ्या. मी खिडकीवर गेलो होतो एकदा, हात जोडून सांगून बघितलं. तिथली मुलगी म्हणाली, "दुरुस्ती चालू आहे आजोबा, तुमच्या गठ्ठ्याची वाट बघा." गठ्ठा! चौथीत मास्तर आम्हाला पाठीत बुक्का मारून ‘दगडांनो’ म्हणायचे, तेव्हासुद्धा इतकं लागलं नव्हतं.

वाळवीनं आणखी एक सांगितलं. पाचव्या-सहाव्या दिवशी तो तिला म्हणाला होता, "ताई, मी दाराशी उभा राहतो. अकराव्याची गाठ सोड, तुझ्या सासूचा कागद काढ, पुन्हा बांध. माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, आणि मला कोण विचारतंय?" ती उठली. अकराव्या गठ्ठ्यापाशी गेली. त्याच्यावर हात ठेवला. वाळवी म्हणतो, इतका वेळ ठेवला की त्याला वाटलं हिला चक्कर आली. मग परत येऊन तिनं तिसऱ्याची सुतळी सोडली.

चोविसाव्या दिवशी अकरावा गठ्ठा आला. तिसऱ्या दिवशी हिचं पत्र आलं. पाकिटावर हिचं पूर्ण नाव. हिनं ते उजव्या डोळ्याजवळ धरून दोनदा वाचलं. म्हणाली, "पोस्टमननं मला हाक मारली हो. तुम्हाला नाही."

डॉक्टर तरुण होते, भला माणूस. डाव्या डोळ्यात उजेड टाकला, काढला, पुन्हा टाकला. आम्ही सगळे उभे होतो. सूनही अर्धी सुट्टी टाकून आली होती. ते म्हणाले, "डावा गेला. उजवा वाचवू." आणि मग ते एक वाक्य बोलले, जे त्यांनी बोलायला नको होतं. "महिन्याभरापूर्वी आणलं असतंत तर डाव्याचंही थोडं राखता आलं असतं."

महिन्याभरापूर्वी. मुलानं बायकोकडे बघितलं. लेकीनं वहिनीकडे बघितलं. मी डॉक्टरांच्या शर्टाकडे बघितलं. आकाशी होता, बारीक रेघांचा. मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्यानंतर लेक जेव्हा माहेरी येते तेव्हा वहिनीसमोर बोलत नाही, भिंतीशी बोलते. "गावातल्या सासवांना दिसायला लागलं हो. आमच्या आईचा एक डोळा गेला तर गेला, मोजणी बरोबर आली ना?" सून भांडी घासत असते. भांडी मोजून पालथी घालते. मुलगा तिच्याशी कामापुरतं बोलतो. गॅस संपला, किल्ली दे. ही तेवढी तिच्याशी पहिल्यासारखी आहे. सून डाव्या बाजूचे पेले उचलून उजव्या बाजूला ठेवते, आणि ही म्हणते, "राहू दे गं, तिथं काही आहे हे आता मला माहीत झालंय."

दवाखान्यात काय झालं ते पण ऐका. एकतीस दिवसांत सगळ्या जणी पटावर चढल्या. अकरा हजार सहाशे चाळीस टाकले, अकरा हजार सहाशे चाळीस पोचले. वरून पाहणी झाली. अहवालात आलं की साहेबांच्या दक्षतेमुळे यादीतली मोठी त्रुटी वेळीच पकडली गेली. साहेब आता मोठ्या कार्यालयात बसतात, चौकट घेऊन गेले. आणि सुनेला मेमो मिळाला: शस्त्रक्रियांची तिमाही फाइल चाळीस दिवस उशिरा भरली. त्या तीन ओळींसाठी अडवलेली, तीच फाइल. चोर सोडून संन्याशाला सुळी. तिची खोली काढून घेतली; आता ती चष्म्याच्या खिडकीवर बसते आणि टोकन देते. वाळवी सांगतो, टोकन देताना ती प्रत्येक बाईला नाव विचारते आणि पूर्ण लिहिते. मागची रांग करवादते, "मॅडम, लवकर!" ती हात चालवत नाही. परवा एका नवऱ्यानं म्हणे विनोद केला, माझ्याच नावावर दोन्ही चष्मे टाका. रांग हसली. ती हसली नाही. नुसती थांबून राहिली, त्याची बायको बोलेपर्यंत.

आता शेवट. तुम्ही सगळे मला बाकावर विचारता, की सुनेनं असं का केलं? घरात मी सोडून सगळ्यांनी तिला विचारलं होतं, ओरडून, टोमणे मारून. मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, शांतपणे विचारलं तर ती काहीतरी मोठं बोलेल, तत्त्वाचं, आणि मला चार माणसांत सांगता येईल. गोष्टीला शेवट लागतो ना.

काल दुपारी ही आत झोपली होती. सून दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती, ओठांनी मोजत. मी खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, "पोरी, रागावू नकोस. पण साहेब एक ओळ देत होता. वाळवी दाराशी उभा राहत होता. तू तुझ्या सासूला वर का नाही काढलंस?"

तिनं हातातली घडी पुरी केली, ती इतर घड्यांवर ठेवली, आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणाली:

"बाबा, त्या फाइलीत दोन हजार चारशे अठ्ठावीस जणी होत्या आणि एकीलाही नाव नव्हतं. त्या दिवशी खिडकीवर तुम्ही आईंना त्यांचं नाव सांगू दिलं असतंत, तर मला त्यांना वर काढावंच लागलं नसतं."